रँडमला काय म्हणायचं: यादृच्छिक, चिठ्ठी की दान?

खानापूरकर
एक शब्द पाहिजे होता. संध्याकाळी नववी-दहावीच्या मराठी मीडियमच्या पोरांना थोडं शेल स्क्रिप्ट (कॉम्प्युटरला द्यायच्या कमांडची फाईल) आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवालोय. रँडम नंबरचा भाग आला की मी फळ्यावर 'यादृच्छिक संख्या' लिहितो, पोरं उतरून घेतात, पण तोंडावर काहीच दिसत नाही. मग म्हटलं सोपं सांगूया, 'कुठलाही नंबर'. तर अर्थच बिघडला. परवा विचारलं, 1 ते 10 मधला कुठलाही आकडा सांगा, तर निम्मी पोरं 7 म्हणाली आणि 1 किंवा 10 कुणीच नाही. म्हणजे 'कुठलाही' म्हटलं की माणूस मनात निवडतोय, आणि रँडममधे निवडणारा कुणी असायलाच नको, प्रत्येक आकड्याला सारखीच संधी पाहिजे. हे दोन्ही ज्यात येईल असा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे का आपल्याकडं?

शहापूरची
सर, यादृच्छिक टाकू नका, शब्द चांगला आहे, फक्त फोडून सांगायला पाहिजे. बऱ्याच जणांना वाटतं त्यात 'इच्छा' आहे, म्हणजे मनाला येईल तसं. तसं नाही. इच्छा असती तर यदिच्छा झालं असतं, इथं ऋ आहे, यदृच्छा. अर्थ आपोआप, न मागता, सहज घडलेलं. गीतेत चौथ्या अध्यायात 'यदृच्छालाभसंतुष्टः' आलंय, आपणहून जे मिळेल त्यात समाधानी. कुणाची इच्छा नाही हाच तर तुम्हाला पाहिजे तो अर्थ. आणि आपल्या पोरांना आणखी एक फायदा, कन्नडमधे पण यादृच्छिकच म्हणतात, फक्त संख्येला संख्ये. एकदा कळला की दोन्हीकडं चालतो.

निपाणीकर
ताईंचं पटलं, पण पोरांना आधी भिशी सांगा की. आमच्या गल्लीत भिशीच्या दिवशी वीस चिठ्ठ्या सारख्या घडी घालून स्टीलच्या डब्यात टाकतात, डबा हलवतात आणि उचलायला कुणाला बोलवतात? शेजारच्या चार-पाच वर्षाच्या पोराला. का, तर त्याला वाचता येत नाही आणि कोण जिंकलं त्याचं त्याला काही पडलेलं नाही. चिठ्ठी सारख्या घडीची म्हणजे सारखी संधी, आणि लहान पोर म्हणजे निवडणारा कुणी नाही. तुमच्या दोन्ही गोष्टी आल्या बगा. मी तर 'चिठ्ठी काढणे' म्हणेन.

खानापूरकर
काल वर्गात हेच सांगितलं, भिशी सगळ्यांच्या घरात असतेच, लगेच कळलं. पण प्रोग्रॅम लिहायला बसल्यावर अडलं. तोंडी परीक्षेला कुणाला उठवायचं त्याची एक स्क्रिप्ट आहे माझी, 40 पोरं, म्हणून रँडमला 40 नं भागून बाकी घ्यायची आणि 1 मिळवायचा. बॅश म्हणजे त्या कमांड चालवणारा शेल, त्यात रँडम 0 ते 32767 मधला आकडा देतो, तिथं काही प्रश्न नाही. पण एका पोरानं विचारलं, सर, चिठ्ठी काढल्यावर ती परत डब्यात जात नाही, मग तोच नंबर दोनदा कसा आला? बरोबर होतं त्याचं.

जाता जाता याच स्क्रिप्टचं एक सांगतो, कारण माझ्यामुळं एका मुलीला त्रास झाला. उबंटू लिनक्सच्या मशीनवर मी ती बॅशऐवजी एसएच नावाच्या कमांडनं चालवत होतो. उबंटूत एसएच म्हणजे डॅश, वेगळाच शेल, त्याला रँडम माहीतच नाही, नुसतं नाव लिहिलं तर तो रिकामं व्हेरिएबल 0 धरतो, 0 ची बाकी 0, अधिक 1 म्हणजे 1. एरर पण नाही. चार दिवस रोल नंबर एकलाच उठवलं. पाचव्या दिवशी ती वही घेऊन आधीच उभी राहिली, तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिची माफी मागितली आणि फाईल सगळ्यांसमोर उघडून दाखवली.

अथणीहून
त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या शब्दात आहे सर, दान. सारीपाटावर, कवड्यांवर दान पडतं. आत्ता सहा पडलं म्हणून पुढच्या वेळी सहा पडायचं नाही असं काही नसतं. बॅशचं रँडम म्हणजे दान, दर वेळी नव्यानं. आणि चिठ्ठी म्हणजे शफ कमांड, 1 ते 40 मधले पाच काढ म्हटलं की पाच वेगळेच देतो. सगळी यादीच मिसळायची तर आपल्याकडं पिसणे आहेच, पत्ते पिसतात ते. पायथनमधे पण असंच, चॉइसेस म्हणजे दान, सॅम्पल म्हणजे चिठ्ठी, शफल म्हणजे पिसणं. रँडमला एकच शब्द शोधालाय म्हणून अडालंय. विशेषण यादृच्छिक राहू दे, पण क्रियापदं तीन पाहिजेत.

शहापूरची
वा. हे मी वहीत लिहून ठेवतेय. दान हा शब्द पोरं विसरतील असं वाटत होतं मला.

चिक्कोडीकर
सीडला, म्हणजे रँडमला सुरुवातीला देतात त्या आकड्याला, काय म्हणता मग? सगळे 'बीज' लिहितात. मला ऊसवाला म्हणून बेणं जास्त बरोबर वाटतंय. बी पेरलं तर रोप थोडंफार वेगळं निघू शकतं, पण उसाच्या कांडीचं बेणं लावलं की तीच जात, तोच ऊस. प्रोग्रॅममधे पण तसंच की, रँडमला सुरुवातीला 42 दिलं की त्या मशीनवर दर वेळी आकड्यांची तीच रांग. ऑक या छोट्या भाषेत तर एसरँड, म्हणजे बेणं द्यायची कमांड, लिहायचं विसरलं की जीऑक (ऑकचाच एक प्रकार) रोज तेच आकडे देतो, आणि नुसतं एसरँड लिहिलं तर बेणं म्हणून घड्याळातले सेकंद घेतो, म्हणजे एकाच सेकंदात दोनदा चालवलं तर दोन्हीकडं सारखंच पीक. म्हणून पासवर्डसाठी हे काही वापरू नका, तिथं लिनक्सची डेव्ह यूरँडम ही फाईल किंवा पायथनचं सीक्रेट्स मॉड्यूल.

निपाणीकर
बेणं लाख मोलाचं. एक सावध करतो, मंडळाच्या लकी ड्रॉला कुणी हीच बाकीवाली युक्ती वापरू नका. 50000 कुपनं असली तर 32768 च्या पुढच्या माणसाला कधीच बक्षीस लागणार नाही, रँडम तिथवर पोचतच नाही. आणि 20000 असली तर पहिल्या 12768 जणांना बाकीच्यांच्या दुप्पट संधी. पैसे सगळ्यांनी सारखेच दिलेले असतात. सर, तुमच्या 40 पोरांत फरक अगदी किरकोळ आहे, 32768 आकड्यांतले पहिल्या आठांना 820-820 वाटे आणि बाकीच्यांना 819-819.

खानापूरकर
उद्या फळ्यावर असं लिहितो: यादृच्छिक, खाली दान, चिठ्ठी, पिसणे, आणि बाजूला बेणं. आठांचा तो एक वाटा पण पोरांकडूनच काढून घेतो, भागाकार येतोय त्यांना. एकच राहिलं, ओळी क्रमानं लावायच्या सॉर्ट कमांडला मोठा आर (-R) लावला की ओळी उलटसुलट होतात पण एकसारख्या ओळी मात्र एकमेकीला चिकटूनच येतात. हे पिसणं नव्हे. याला काय म्हणूया?