‘शोध लागला’ की ‘शोध लावला’?

प्रश्न : विज्ञानातल्या नव्या संशोधनाबद्दल मराठीत लिहिताना मी एकाच शब्दापाशी अडखळतो. निसर्गात आधीपासून असलेलं माणसाला सापडलं तरी ‘शोध’, आणि माणसाने नवीन काही घडवलं तरी ‘शोध’च. हिंदीत ‘खोज’ आणि ‘आविष्कार’ असे दोन शब्द आहेत. आपणही ‘आविष्कार’ घ्यावा का?

प्रतिसाद : नको. मराठीत ‘आविष्कार’ची जागा भरलेली आहे. कलाविष्कार, आत्माविष्कार, म्हणजे आतलं काही प्रकट होणं. यंत्राला तो शब्द लावला की मराठी कानाला खटकतो. ‘संशोधन’चंही तसंच आहे. हिंदीत कायद्यातल्या बदलाला संशोधन म्हणतात. आपण त्याला दुरुस्ती म्हणतो आणि ‘संशोधन’ प्रयोगशाळेतल्या कामासाठी राखून ठेवतो. मूळ धातू ‘शुध्’, शुद्ध होणं. चुका गाळत गाळत खऱ्यापर्यंत जाणं हा अर्थ मराठीने त्या शब्दात छान जपला आहे, असं मला मनापासून वाटतं.

राहिला ‘शोध’. त्याचं अर्धं काम पुढचं क्रियापद करतं. शोध घेतला : धडपड केली, हाती काही आलं की नाही ते अजून सांगितलेलं नाही. शोध लागला : वस्तू सापडली, भर वस्तूवर. शोध लावला : भर माणसावर.

शंका : पण ‘विजेच्या दिव्याचा शोध लागला’ असंही आपण सर्रास म्हणतो, आणि ‘गुरुत्वाकर्षणाचा शोध लावला’ असंही. मग सापडणं आणि घडवणं यातला फरक कुठे राहिला?

प्रतिसाद : बरोबर आहे, तो फरक लागणे-लावणे यांत नाही. म्हणून जिथे गोंधळ होईल तिथे मी ‘शोध’ सोडून सरळ साधं क्रियापद वापरतो. क्रिस्पर या डीएनए हव्या त्या जागी कापण्याच्या तंत्राचंच घ्या. १९८७ मध्ये जपानी संशोधकांना ई. कोलाय जिवाणूच्या डीएनएत पुन्हापुन्हा येणारे सारखे तुकडे दिसले. नुसते दिसले, ते कशासाठी आहेत याचा पत्ता नव्हता. २००५ मध्ये लक्षात आलं, की त्या तुकड्यांच्या मधला मजकूर विषाणूंच्या डीएनएशी जुळतो. २००७ मध्ये दही आणि चीज बनवायला वापरतात त्या जिवाणूवर प्रयोग करून दाखवून दिलं, की विषाणूचा असा तुकडा साठवला की जिवाणू त्या विषाणूला दाद देत नाही. आणि २०१२ मध्ये एमान्युएल शार्पेंटिए, जेनिफर डाउडना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवाणूकडचे दोन आरएनए जोडून एकच वाटाड्या आरएनए तयार केला. त्यामुळे हवा तो डीएनए हव्या त्या जागी कापता येऊ लागला. या दोघींना २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

दिसले, लक्षात आलं, दाखवून दिलं, तयार केला. ‘क्रिस्परचा शोध दोघींनी लावला’ या एका वाक्यात ही चारही क्रियापदं चिरडली जातात, आणि पंचवीस वर्षांतली इतर माणसंही.

शंका : आणि ‘सिद्ध झालं’? बातमीत प्रत्येक निष्कर्ष सिद्धच झालेला असतो.

प्रतिसाद : त्याचा मला खरंच राग येतो. सप्टेंबर २०११ मध्ये ‘ऑपेरा’ या भौतिकशास्त्रातल्या प्रयोगातल्या मंडळींनी सांगितलं, की जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेहून इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेपर्यंत सुमारे ७३० किलोमीटर जाणारे न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचल्याचं मोजमापात आढळतं आहे, इतरांनी तपासून पाहावं. त्यांचा शब्द ‘आढळतं’ या वजनाचा होता. पुढे घड्याळाशी जोडलेली एक प्रकाशतंतूची तार नीट बसलेली नव्हती हे मुख्य कारण निघालं. प्रकाशापेक्षा वेगाने काही जात नाही असं आइनस्टाइनचा सिद्धांत सांगतो; ज्यांनी ‘आइनस्टाइन चुकीचा ठरला’ असं छापलं त्यांना माघार घ्यावी लागली. ज्यांनी ‘आढळलं’ लिहिलं त्यांचं वाक्य आजही खरं आहे. आढळलं, दिसून आलं, सूचित होतं, पुष्टी मिळाली अशी चढती पायरी आपल्या भाषेत आहे. ‘सिद्ध’ हा शब्द गणिताला द्यावा.

मथळ्यांबद्दलही एक सांगतो, कारण तिथे जागेअभावी क्रियापदच गळतं. ‘कृष्णद्रव्याचा शोध’ : विश्वातलं हे न दिसणारं द्रव्य (डार्क मॅटर) सापडलं की शोधताहेत? अमेरिकेतल्या साउथ डकोटात जमिनीखाली जवळपास दीड किलोमीटरवर दहा टन द्रवरूप झेनॉन भरलेला लक्स-झेपलिन शोधक कृष्णद्रव्याच्या कणाची वाट पाहतो आहे. २०२४ मध्ये त्यांनी २८० दिवसांच्या नोंदी मांडल्या. कण त्यात नव्हता. मथळ्यात ‘सुरूच’ एवढा एक शब्द वाढवला, तर वाचणाऱ्याला खरी स्थिती कळते.