शाळेत फोटो धुण्याची डार्करूम सुरू करायची आहे, सुरुवात कुठून करू?

रंगपेटी (सातारा जिल्हा)

नमस्कार मंडळी. मी एका अनुदानित शाळेत चित्रकला शिकवते. आमच्या गावात एक जुना फोटो स्टुडिओ होता. तो बंद झाल्यावर त्या घरच्यांनी सगळं सामान शाळेला दिलं. त्यात निगेटिव्हवरून मोठा फोटो काढायचा एक एन्लार्जर आहे, चार ट्रे, रोल धुण्याची टाकी, एक पेंटॅक्स के १००० आणि एक आग्फा क्लिक थ्री. सगळं पुसून ठेवलंय आणि चालू स्थितीत आहे.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा आटोपल्या की शनिवारचे दोन तास जोडून मिळतात. आठवी-नववीची वीसेक मुलं आहेत. प्रयोगशाळेशेजारची अडगळीची खोली मुख्याध्यापकांनी देऊ केली आहे. तिथे मोरी आहे, नळ आहे आणि एक खिडकी.

मला ही गोष्ट मनापासून करायची आहे. आमच्या मुलांनी मोबाइलवर हजारो फोटो काढलेत, पण फोटो तयार होताना एकानेही पाहिलेला नाही. आधी रोल आणून कॅमेरा हातात द्यावा, असा माझा विचार होता. पण दोन कॅमेरे आणि वीस मुलं, हे गणित जमत नाही. रसायनांचीही काळजी वाटते. मुलं लहान आहेत आणि जबाबदारी माझी. ज्यांनी हे काम केलंय किंवा शिकवलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगावं.

ब्रोमाइड (कोल्हापूर)

ताई, आधी एक विनंती. रोल विकत घेऊ नका, निदान पहिले दोन महिने तरी नाहीच. फोटो छापायच्या ब्रोमाइड कागदापासून सुरुवात करा.

मी तरुणपणी स्टुडिओत काम केलं आणि पुढे कला महाविद्यालयात हाच विषय शिकवला. तिथे अभ्यासक्रमाची सुरुवात कॅमेऱ्याने व्हायची. मुलं चार आठवडे ॲपर्चर आणि शटरची कोष्टकं वहीत उतरवायची आणि रोल धुवायची वेळ येईपर्यंत निम्म्यांचा उत्साह मावळलेला असायचा. पुढे मी क्रम उलटा केला. पहिल्याच दिवशी लाल दिव्याखाली नेलं की मुलं तास संपला तरी बाहेर यायला तयार नसत.

कारण साधं आहे. फिल्मला सगळे रंग दिसतात, म्हणून ती पूर्ण काळोखात टाकीत भरावी लागते. पुढचं सगळं बंद टाकीत घडतं आणि मुलाच्या हाताला फक्त टाकी हलवणं येतं. ब्रोमाइड पेपरला तांबडा उजेड दिसत नाही. त्यामुळे ट्रेमध्ये कोऱ्या कागदावर चित्र उमटताना मूल स्वतःच्या डोळ्यांनी पाहतं. शिवाय ८ x १० इंचाच्या एका कागदाचे चार तुकडे होतात, म्हणजे प्रत्येकाला आपापला तुकडा मिळतो.

पहिल्या शनिवारी फक्त फोटोग्राम करा. कागदावर पिंपळाचं जाळीदार पान, किल्ली, बांगडी, जे हाताला येईल ते ठेवायचं, एन्लार्जरचा दिवा काही सेकंद लावायचा आणि कागद डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या द्रावणात, सोडायचा. उजेड पडला तिथे काळं, सावली होती तिथे पांढरं. निगेटिव्ह म्हणजे काय ते मग वेगळं समजावून सांगावं लागत नाही. दुसऱ्या शनिवारी टेस्ट पट्टी. पुठ्ठ्याने कागद झाकायचा आणि दर तीन सेकंदांनी पुठ्ठा थोडा सरकवायचा. एकाच पट्टीवर तीन, सहा, नऊ, बारा सेकंदांच्या छटा मिळतात. मुलांना वहीत सेकंद लिहायला लावा. ही सवय एकदा लागली की कागद वाया जात नाही.

त्यानंतर डबा कॅमेरा. बोर्नव्हिटाचा डबा आतून काळा रंगवा. बाजूला चौकोनी खिडकी कापून तिथे थंड पेयाच्या कॅनचा पातळ पत्रा चिकटवा आणि त्याला शिवणाच्या बारीक सुईच्या टोकाने छिद्र पाडा. डबा १० सेंटिमीटर खोल असेल तर छिद्र साधारण ०.४ मिलिमीटरचं हवं. छिद्राच्या कडा बारीक पॉलिश पेपरने घासून घ्या, त्यावरच सगळी स्पष्टता अवलंबून असते. आत ब्रोमाइडचा तुकडा, छिद्रावर काळी चिकटपट्टी. भर उन्हात पाऊण ते एक मिनिट पट्टी काढून ठेवली की शाळेची इमारत आणि झेंड्याचा खांब उलट्या छटांत मिळतो. ते कागदी निगेटिव्ह कोऱ्या कागदावर तोंडाला तोंड लावून ठेवा, वर काच दाबा आणि वरून उजेड द्या. फोटो तयार. वीस मुलांचे वीस कॅमेरे झाले आणि रोल एकही लागला नाही.

आता खोली. खिडकीला शेततळ्याचं काळं प्लास्टिक दुहेरी लावा. दार लावून पाच मिनिटं आत बसा, डोळे सरावले की कुठून कवडसा येतोय ते आपोआप दिसतं. एन्लार्जर कोरड्या टेबलावर आणि ट्रे मोरीच्या बाजूला, दोन्हींत अंतर ठेवा. ओल्या हाताने कुणीही विजेच्या बटणाला हात लावायचा नाही, हा नियम दारावर लिहून लावा. डेव्हलपर, स्टॉप बाथ (डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण), हायपो (चित्र पक्कं करणारं द्रावण) आणि मग पाणी, हा ट्रेचा क्रम. प्रत्येक ट्रेचा चिमटा वेगळा. हायपोचा चिमटा डेव्हलपरमध्ये गेला की डेव्हलपर बिघडलाच. चिमट्यांना कमी-जास्त लांबीचे दोरे बांधा, अंधुक उजेडात लांबीवरून ओळखता येतील असे. कागद आर.सी., म्हणजे प्लास्टिकचा थर दिलेला घ्या, नुसता कागदी फायबर नको. आर.सी. दोन-चार मिनिटांत धुऊन होतो, फायबरला तासभर पाणी लागतं.

लाल दिव्याबद्दल सावध राहा. बाजारात रंग फासलेला लाल झिरो बल्ब मिळतो, त्यातून पांढरा उजेड झिरपू शकतो. पारख सोपी आहे. दिव्याखाली कागदावर एक नाणं ठेवा, पाच मिनिटं थांबा आणि कागद डेव्हलप करा. नाण्याचा गोल उमटला तर तो दिवा बदला.

फिल्मकडे डिसेंबरमध्ये वळा. मुद्दाम डिसेंबर म्हणतोय. फिल्म धुण्याच्या वेळा २० अंश सेल्सिअस धरून दिलेल्या असतात आणि थंडीत सकाळच्या शाळेला नळाचं पाणी त्याच्या जवळपास असतं. एचपी फाइव्ह प्लस ही फिल्म आयडी ११ या डेव्हलपरमध्ये तेवढंच पाणी घालून २० अंशांवर धुवायला १३ मिनिटं लागतात. तापमान अंशाने वाढलं की वेळ साधारण दहा टक्क्यांनी कमी करायची. एप्रिलमध्ये हेच काम करायला गेलात तर वेळ इतकी आखडते की डेव्हलपर फिल्मवर सारखा पसरत नाही. मग टाकी बर्फाच्या पाण्यात ठेवून बसावं लागतं. टाकीतल्या रिळावर फिल्म गुंडाळण्याचा सराव आधी एका फुकट गेलेल्या रोलवर उजेडात, मग डोळे मिटून, मग काळ्या पिशवीत. प्लास्टिकचं रीळ पूर्ण कोरडं हवं, नाहीतर फिल्म मध्येच अडकते.

तुमच्याकडे आलेला के १००० शिकवायला उत्तम आहे. तो पूर्ण यांत्रिक आहे, बॅटरी फक्त उजेड मोजायच्या मीटरला लागते. क्लिक थ्री बडोद्याला तयार व्हायचा. त्यात १२० चा रोल बसतो आणि बारा चौकोनी फोटो मिळतात. बाहेरच्या उन्हात तो अजूनही छान चालतो.

आणि शाळेत हे कशाला, असं कुणी विचारलं तर त्यांना सांगा की मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ साली छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला होता. हरिश्चंद्र चिंतामण त्याच वर्गात शिकले आणि पुढे मुंबईत त्यांनी स्टुडिओ चालवला. हा विषय आपल्याकडच्या वर्गांत कॅमेऱ्याइतकाच जुना मुरलेला आहे. तुमच्या मुलांचा त्यावर हक्क आहे.

चंचुपात्र (नाशिक)

मी विज्ञान शिकवतो, त्यामुळे रसायनांचं मी सांगतो. ब्रोमाइड काकांच्या क्रमाशी पूर्ण सहमत.

डेव्हलपरमध्ये मेटॉल आणि हायड्रोक्विनोन असतं. मेटॉलने काहींच्या त्वचेला ॲलर्जी होते, म्हणून मुलांचे हात द्रावणात जाता कामा नयेत. चिमटे, हातमोजे, चष्मे हवेतच. पावडर तुम्हीच कालवा, आदल्या दिवशी, खिडकी उघडी ठेवून. पावडरचे डबे डार्करूममध्ये उघडायचे नाहीत. ज्या बाटलीतून पाणी पितो तशा बाटलीत द्रावण कधीही भरू नका आणि प्रत्येक बाटलीवर नाव व तारीख लिहा.

स्टॉप बाथला ॲसिटिक ॲसिड वापरतात. बंद खोलीत त्याचा वास नाकाला झोंबतो. त्याऐवजी लिटरभर पाण्यात १५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड घाला. वास नाही आणि काम तेच. तुमच्याकडे बोअरचं जड पाणी असेल तर डेव्हलपरसाठी आणि फिल्मच्या शेवटच्या विसळणीसाठी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणा, म्हणजे फिल्मवर पांढरे डाग राहत नाहीत.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वापरलेला हायपो मोरीत ओतू नका. कागदावरचं उजेड न लागलेलं सिल्व्हर ब्रोमाइड हायपोत विरघळतं, म्हणजे त्या पाण्यात चांदी असते आणि ती ओढ्यातल्या जिवांना घातक आहे. हायपोचा हा गुण जॉन हर्शेलने १८१९ मध्ये नोंदवला होता, छायाचित्रणाचा शोध जाहीर व्हायच्या वीस वर्षं आधी. वापरलेलं द्रावण प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवा आणि त्यात लोखंडी तारेची घासणी बुडवून ठेवा. गंज चढणारी हवी, स्टेनलेसची चालत नाही. लोखंड विरघळत जातं आणि चांदी काळपट गाळ होऊन खाली बसते. विस्थापन अभिक्रिया याहून चांगली कुठे दाखवता येईल? माझ्या नववीच्या मुलांनी तो गाळ पाहिला आणि परीक्षेत त्या प्रश्नाला कुणी अडलं नाही. उरलेलं पाणी प्रयोगशाळेच्या रासायनिक कचऱ्यासोबत द्या.

जर्सीची आई (न्यू जर्सी)

माझी लेक इथल्या सरकारी हायस्कूलमध्ये हा विषय ऐच्छिक म्हणून घेते. शाळेत पेंटॅक्स के १००० चं अख्खं कपाट आहे. शाळा १०० फुटांची फिल्म एकदम आणते आणि मुलं त्यातून स्वतःची रिळं भरतात. एका डब्यात ३६ फोटोंची साधारण अठरा रिळं होतात, म्हणजे खर्च खूप कमी. ताई, तुम्ही फिल्मपर्यंत पोचाल तेव्हा याचा विचार करा.

त्यांच्या बाईंची एक पद्धत मला फार आवडली. पूर्ण रोलची कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे सगळे फोटो छोट्या आकारात एकाच कागदावर, काढायची आणि त्यातून एकच फोटो मोठा करायचा. तो का निवडला, हे मुलाने वर्गासमोर उभं राहून सांगायचं. घरात एरवी एका शब्दात उत्तरं देणारी आमची मुलगी तिच्या आजीच्या हातांच्या फोटोबद्दल जेवताना कितीतरी वेळ बोलत होती. तुमच्याकडे हे मराठीत होईल, याचा मला हेवा वाटतो.

रंगपेटी

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं, आधी कागद आणि डबे. पिंपळाची पानं भिजत घालायचं काम मुलांना आजच सांगते. सायट्रिक ॲसिड आणि तारेची घासणी यादीत लिहिली. पालक सभेत मी चंचुपात्र सरांचं उत्तर वाचून दाखवणार आहे, चालेल ना?

काका, एकच शंका. कागद आत्ताच मागवला तर पावसाळाभर तो टिकेल का? आमच्याकडे जुलैत भिंतींना ओल येते.

ब्रोमाइड

टिकेल. पाकीट उघडू नका. प्लास्टिकच्या हवाबंद पिशवीत घालून घरच्या फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीजरमध्ये नको. वापरायच्या आदल्या संध्याकाळी बाहेर काढा आणि रात्रभर तसंच बंद राहू द्या. गार कागद लगेच उघडला तर त्यावर दव धरतं. कॅमेरे आणि एन्लार्जरची भिंगं मात्र फ्रिजमध्ये नकोत. ती सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर बुरशी धरेल. चामड्याची केस बाहेरच ठेवा, ओल तीच धरून ठेवते.

एन्लार्जर सुरू करण्याआधी त्याची वायर आणि प्लग इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्या. जुनं कापडी आवरण असेल तर नक्कीच.