वडिलांसाठी (वय ६३) सप्लिमेंट सुचवा: व्यायामानंतर मांड्या फार धरतात, बजेट २,०००

कोथरूडची_लेक
नमस्कार. बाबांसाठी विचारतेय. वय ६३, वजन ६८ किलो, शाकाहारी, अंडंही चालत नाही. बीपीची गोळी आहे, बीपी आटोक्यात आहे. दिवाळीनंतर घराजवळच्या जिममध्ये वजनं उचलायला लागलेत आणि त्यांना ते मनापासून आवडतंय. शनिवारी पायांचा व्यायाम, रविवारी मित्रांबरोबर आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड. सिंहगड कित्येक वर्षांचा आहे, तो सुटणार नाही.
सोमवार-मंगळवार मांड्या इतक्या धरतात की जिना उतरताना कठड्याला धरून उतरतात. ट्रेनरने बीसीएए, ग्लुटामिन (दोन्ही अमिनो ॲसिडं, म्हणजे प्रोटीनचे घटक) आणि मास गेनर (वजन वाढवायची पावडर) लिहून दिलंय, बेरीज सात हजारांच्या वर जाते. माझं बजेट महिन्याला २,००० रुपये. एकच डबा घ्यायचा तर कोणता? दुखणं कमी होईल असं यात खरंच काही आहे का?

डेडलिफ्ट_औंध
व्हे आयसोलेट, म्हणजे दुधातलं जास्त शुद्ध केलेलं प्रोटीन. डोळे झाकून घ्या. आयसोलेटमध्ये लॅक्टोज जवळजवळ नसतं, त्यामुळे पोट फुगत नाही. मी कॉन्सन्ट्रेट (कमी शुद्ध केलेलं व्हे) सोडून आयसोलेट घ्यायला लागलो आणि तो त्रास कायमचा गेला. दोन किलोचा इम्पोर्टेड डबा घ्या, किलोमागे स्वस्त पडतो. आठ हजारांच्या आसपास जाईल पण वस्तू अस्सल मिळते.

कोथरूडची_लेक
धन्यवाद, पण बजेट २,००० आहे.

शनिवारपेठी
ताई, हे डबे नकोत. आमच्या घरात तीन पिढ्या तालमीत गेल्या. जोर-बैठका, दूध, तूप, बदामाची थंडाई आणि आठवड्यातून एकदा तेलाने मालिश. आजोबा सत्तरीत बैठका मारत होते. पुण्याला व्यायाम शिकवायला बाहेरच्या कंपन्या लागत नाहीत, टिळक रोडचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४ पासून हेच काम करतंय. चांगल्या हाताची मालिश करून घ्या, मांड्या मोकळ्या होतील.

जिमप्रेमी_वाकड
बीसीएएच घ्या, ट्रेनर बरोबर सांगतोय. व्यायामानंतर स्नायूंत लॅक्टिक ॲसिड साठतं, त्यानेच दुखतं. मी पाण्यात घालून सेटच्या मधे पितो, दुसऱ्या दिवशी ताजातवाना असतो.

फिजिओ_सिंहगडरोड
लॅक्टिक ॲसिडचं हे फार वर्षं चालत आलंय, पण तसं नाहीये. व्यायाम थांबल्यावर तासाभरात रक्तातलं लॅक्टेट नेहमीच्या पातळीला येतं. हे दुखणं दुसऱ्या दिवशी सुरू होतं आणि २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असतं. स्नायू ताणला जात असताना त्याला भार झेलावा लागतो तेव्हा त्याच्या तंतूंना बारीक इजा होते, मग सूज आणि दुखणं. गड चढताना दम लागतो, पण मांड्यांची खरी इजा उतरताना होते. प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकचं काम करत असतो.
म्हणजे तुमचे बाबा शनिवारी स्क्वॉट मारून दुखावलेल्या मांड्यांनी रविवारी अख्खा सिंहगड उतरतात. डब्याआधी हे वेळापत्रक बदला. पायांचा व्यायाम बुधवारी घ्या. आणि पहिले काही आठवडे वजन हळूहळू वाढवा. त्याच व्यायामाची स्नायूंना सवय झाली की पुढच्या वेळी इजा बरीच कमी होते, हे अनेक अभ्यासांत दिसलंय.
बीसीएएबद्दल: त्यात फक्त तीन अमिनो ॲसिडं. स्नायू बांधायला नऊच्या नऊ आवश्यक ॲसिडं लागतात, आणि ती दुधात, व्हेमध्ये आहेतच. ग्लुटामिनचाही निरोगी माणसाला ताकदीसाठी उपयोग दिसलेला नाही. मास गेनर म्हणजे बरीचशी साखर आणि माल्टोडेक्स्ट्रिन (पटकन पचणारं पिष्ट), तो ६३ व्या वर्षी कशाला?

डेडलिफ्ट_औंध
म्हणजे व्हेच. मी तेच म्हणालो.

बावधन_रनर
+१ व्हे. पण डबा जपून घ्या. मी एका दुकानातून सवलतीत घेतलेला डबा बनावट निघाला, कंपनीच्या साइटवर कोड टाकला तर आधीच वापरलेला दाखवला. दुकानदाराने हात वर केले. झाकणाचं सील, स्क्रॅच कोड आणि एफएसएसएआयचा (केंद्र सरकारची अन्नसुरक्षा संस्था) १४ अंकी परवाना क्रमांक बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

मिसळप्रेमी
क्रिएटिन (स्नायूंची ताकद वाढवायची पावडर) स्वस्त आहे, ते घ्या. २५० ग्रॅमचा डबा तुमच्या बजेटच्या आत येतो, रोज ३ ग्रॅम घेतलं तर ८३ दिवस जातो.

वारजे_काकू
क्रिएटिन अजिबात नको!! आमच्या भाच्याने घेतलं आणि किडनीच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन १.५, म्हणजे जास्त, आलं. घरात सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. किडनीशी खेळ नको, त्यात यांना बीपी.

लॅबवाली
काकू, भाच्याची काळजी साहजिक आहे, पण थोडं समजून घ्या. क्रिएटिनचं शरीरात क्रिएटिनिन होतं, त्यामुळे पावडर घेणाऱ्याचा आकडा किडनी ठणठणीत असली तरी वर जाऊ शकतो. शंका असेल तर सिस्टॅटिन सी ही किडनीची रक्ततपासणी करतात, ती स्नायूंवर आणि क्रिएटिनवर अवलंबून नसते. निरोगी माणसांत नेहमीच्या मात्रेने किडनी बिघडल्याचं दिसलेलं नाही. मात्र बीपी असलेल्या ६३ वर्षांच्या माणसाने आधी तपासणी करून डॉक्टरांना विचारूनच सुरू करावं, यात तुमचं बरोबर आहे.
धागाकर्तीला माझा वेगळाच प्रश्न: बाबांना कोलेस्टेरॉलची गोळी आहे का?

जिमप्रेमी_वाकड
कोलेस्टेरॉलचा इथे काय संबंध? प्रश्न सप्लिमेंटचा आहे. आणि मला बीसीएएने फरक पडतो हे मी अनुभवाने सांगतोय.

कोथरूडची_लेक
हो, आहे! रोझुवास्टॅटिन, रात्री एक. लिहायचं राहिलं. का?

लॅबवाली
कोलेस्टेरॉलच्या अशा गोळ्यांनी (स्टॅटिन) काही जणांचे स्नायू दुखतात. बहुतेकांना तसा त्रास नसतो, आणि तुमच्या वर्णनावरून सिंहगडच वाटतोय, कारण दुखणं बुधवारपर्यंत जातं. पण दोन्ही गोष्टी एकत्र असताना डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवं. ते सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढतं, त्याची तपासणी) करायला सांगतील. रक्त द्यायच्या आधी आठवडाभर जिम आणि गड दोन्ही बंद ठेवा, नाहीतर व्यायामानेच आकडा कित्येक पट वर जातो आणि सगळे उगीच घाबरतात. गोळी मनाने बंद करायची नाही, हे बाबांना माझ्यातर्फे सांगा. लघवी कोलासारखी गडद झाली, तर मात्र वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल.

बावधन_रनर
दुखतंय तोवर सोमवारी एक आयब्युप्रोफेन (दुखण्यावरची गोळी) घ्यायला सांगा, मी मोठ्या रननंतर घेतो. आणि डबा घेताना कोड तपासाच.

लॅबवाली
बीपीच्या माणसाने ही गोळी अशी दर आठवड्याला घ्यायची नाही. बीपी वाढतं, किडनीवर ताण येतो, काही बीपीच्या औषधांबरोबर तर जास्तच. कृपा करून असं सुचवू नका.

फिजिओ_सिंहगडरोड
लॅबवालींशी पूर्ण सहमत. शनिवारपेठी यांच्या मालिशलाही आधार आहे: दुखणं कमी करायच्या निरनिराळ्या उपायांची २०१८ मध्ये एकत्र तुलना झाली, त्यात मालिश सगळ्यांत प्रभावी ठरली.
क्रिएटिन दुखण्यासाठी घेऊ नका, ताकदीसाठी घ्या. शाकाहारी माणसाच्या स्नायूंत ते मुळात कमी असतं, त्यामुळे फरक चांगला पडतो. वयस्कर माणसांवरचे २२ अभ्यास २०१७ मध्ये एकत्र तपासले, तेव्हा वजनांच्या व्यायामाबरोबर क्रिएटिन घेणाऱ्यांचं स्नायूंसकट चरबीविरहित वजन इतरांपेक्षा सव्वा-दीड किलोने जास्त वाढलेलं दिसलं. पण सगळ्यात आधी प्रोटीन. या वयात किलोमागे किमान १.२ ग्रॅम धरा, म्हणजे बाबांना ८२ ग्रॅमच्या आसपास. वरण-भात, पोळी-भाजी, ताक यात अर्धंच भरतं. बाबा दिवसभरात काय खातात ते लिहाल का?

शनिवारपेठी
मालिशीला २०१८ ची वाट आम्ही बघितली नाही.

वारजे_काकू
तरी क्रिएटिन नकोच.

डेडलिफ्ट_औंध
८२ ग्रॅम शाकाहारात व्हेशिवाय होणार नाही. लिहून ठेवा.

फिजिओ_सिंहगडरोड
होतं. सोयाचंक्समध्ये १०० ग्रॅमला ५२ ग्रॅम प्रोटीन आहे, पनीर आहे, दाणे, दूध, दही आहे. व्हे सोयीचं आहे हे मान्य, सक्तीचं नाही.

कोथरूडची_लेक
सगळ्यांचे आभार, विशेषतः लॅबवाली आणि फिजिओ यांचे. डॉक्टरांकडे जाऊन आलो. आठवडा विश्रांती घेऊन सीपीके केलं, नॉर्मल आलं. गोळी तशीच चालू. क्रिएटिनला डॉक्टर नाही म्हणाले नाहीत, पण बाबांनी ऐकलंच नाही. पावडर कुठलीच घेणार नाही म्हणतात. मालिशही नको, अनोळखी माणसाने अंगाला हात लावलेला त्यांना चालत नाही. सोयाबीनचा वास आवडत नाही. पनीर आणि रात्री एक ग्लास दूध यावर तडजोड झालीये. पायांचा व्यायाम बुधवारी नेला.
आणि गडावरचे एक मित्र वापरतात ते बघून २,००० रुपयांत बाबा स्वतःच ट्रेकिंग पोलची जोडी घेऊन आले. गेल्या रविवारी दोन्ही काठ्या टेकत उतरले. सोमवारी कठड्याला हात लावला नाही.

जिमप्रेमी_वाकड
बीसीएए एक महिना तरी करून बघायचं होतं.

फिजिओ_सिंहगडरोड
हे मला सुचायला हवं होतं! वेल्समधल्या स्नोडन डोंगरावर २०११ मध्ये नेमका हाच अभ्यास झाला होता. काठ्या घेऊन चालणाऱ्यांचं दुखणं कमी राहिलं, ताकद लवकर परत आली आणि सीपीकेही काठ्या न घेणाऱ्यांसारखं वाढलं नाही. बाबांना सांगा, उतरताना काठीची लांबी थोडी वाढवायची आणि पाऊल टाकायच्या आधी काठी टेकायची. प्रोटीनचा हिशोब मात्र अजून कमी पडतोय, दुपारच्या जेवणात दही वाढवा.

डेडलिफ्ट_औंध
व्हे कॉन्सन्ट्रेटचा एक किलोचा डबा तरी घ्या, तो तीन हजारांत बसेल.

वारजे_काकू
काठ्या कुठल्या घेतल्या? आमच्या ह्यांना पर्वतीच्या पायऱ्यांना चालतील का? खाली रबर लावलेलं मिळतं का?