मदत हवी आहे: पर्ड्यूचा मिनिटांचा तक्ता २०० वर बसत नाही (कॉलेज बास्केटबॉल, २०२५-२६)

वाबाशकाठ

नमस्कार मंडळी,

अमेरिकेत इंडियानातल्या वेस्ट लाफायेटला यंदा नव्याने आलेल्या मराठी विद्यार्थ्यांसाठी पर्ड्यू विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाची ओळख करून देणारं एक पान तयार करतोय. सुरुवात कोण करणार, कोण किती वेळ खेळणार आणि कोणाच्या जागी कोण उतरणार, एवढंच त्यात हवं आहे. १३ ऑक्टोबर २०२५च्या एपीच्या (वृत्तसंस्थेने पत्रकारांच्या मतांवरून केलेल्या देशभरातल्या संघांच्या) यादीत संघ पहिला आला. मोसमापूर्वीच्या यादीत पर्ड्यू पहिल्या क्रमांकावर येण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे चौकशा खूप होतायत. २४ ऑक्टोबरला केंटकीविरुद्ध लेक्सिंग्टनला सरावाचा सामना आहे, त्याआधी पान पुरं करायचंय.

अडचण अशी आहे. सामना ४० मिनिटांचा आणि मैदानावर पाच जण, म्हणजे एकूण २०० मिनिटं. माझा अंदाज: ब्रेडन स्मिथ ३७, फ्लेचर लॉयर ३३, सीजे कॉक्स २८, ट्रे कॉफमन-रेन ३२, ऑस्कर क्लफ २८, डॅनियल जेकबसन २०, ओमर मेयर २२, जिकारी हॅरिस १६, जॅक बेंटर १०, लियम मर्फी ८. बेरीज २३४! ३४ मिनिटं जास्त होतायत आणि कुठेही कात्री लावली की त्या खेळाडूवर अन्याय होतोय असं वाटतं.

दुसरं म्हणजे कॉफमन-रेन आणि क्लफ दोघंही रिंगजवळ खेळणारे. त्यांना एकत्र उतरवलं तर गर्दी होणार नाही का? आणि तिसरं, मेयर इतका चांगला आहे तर कॉक्सऐवजी त्यानेच सुरुवात का करू नये?

तिरपीपास

सगळ्यांकडून थोडं थोडं कापू नका, त्याने तक्ता बिघडतो. आधी २०० मिनिटांचे दोन ढीग करा. बाहेरच्या तीन जागांचे (रिंगपासून लांब खेळणारे, म्हणजे गार्ड) १२० आणि आतल्या दोन जागांचे (रिंगजवळचे उंच खेळाडू) ८०. मग जास्तीची मिनिटं कुठे आहेत ते दिसतं.

तुमचे बाहेरचे सहा: ३७+३३+२८+२२+१६+१० = १४६. म्हणजे २६ जास्त. आतले चार: ३२+२८+२०+८ = ८८. म्हणजे ८ जास्त. खरी अडचण गार्ड मंडळींत आहे, उंच खेळाडूंत नाही.

आता बाहेरचे २६ कुठून काढायचे? पहिले स्मिथकडून. गेल्या मोसमात तो सामन्याला ३७ मिनिटांच्या घरात खेळला, तेही दर सामन्याला १५.८ गुण आणि ८.७ असिस्ट (ज्यावर सहकाऱ्याचा बास्केट होतो असे पास) देत. इतका वेळ त्याला खेळवावं लागलं कारण चेंडू सांभाळणारा दुसरा माणूस नव्हता. मेयरला आणलं आहे ते याचसाठी. स्मिथला ३३ द्या. उरलेली सात मिनिटं मेयरकडे चेंडू राहील, आणि आणखी अकरा मिनिटं तो स्मिथच्या जोडीने खेळेल. झाले १८. लॉयर ३१, कॉक्स २४, हॅरिस १०, बेंटर ४. बेरीज करून बघा, १२० येते.

हॅरिसचे सोळाचे दहा होणं दुखेल, पण बाहेरच्या तीन जागांत पाचवा माणूस पंधरा मिनिटांच्या वर क्वचितच जातो.

पिव्होट

मिनिटांबरोबर पानावर गुणही टाकणार असाल तर एक सावधगिरी. गेल्या वर्षीच्या सरासऱ्या तशाच उतरवू नका. कॉफमन-रेन २०.१, क्लफ १७.६, स्मिथ १५.८, लॉयर १३.८. चौघांचेच ६७.३ झाले. पर्ड्यू संथ खेळतो, सामन्याला चेंडूचे ताबे ६५ च्या आसपास. संघाचे गुण ७५ ते ८० धरले तर बाकीच्या सहा जणांना आठ ते तेरा गुणच उरतात. असं होत नाही. चेंडू एकच आहे.

सगळ्यात मोठी घट क्लफच्या आकड्यात धरा. ते १७.६ गुण आणि १२.३ रिबाउंड (हुकलेल्या फटक्याचा चेंडू पकडणं) साउथ डकोटा स्टेटकडून, समिट लीग या छोट्या लीगमध्ये. तिथे बहुतेक संघांकडे ६ फूट ११ इंचाच्या माणसाला अडवणारा कोणी नसतो, आणि तिथे चेंडू आधी त्याच्याकडे जायचा. बिग टेनमध्ये, म्हणजे पर्ड्यूच्या मोठ्या लीगमध्ये, समोर त्याच्याच मापाचे असतील आणि चेंडू त्याच्याकडे तिसरा-चौथा म्हणून येईल. गुण निम्म्यावर आले तरी तो अपयशी ठरत नाही. रिबाउंड मात्र एवढे घसरत नाहीत, कारण रिबाउंडसाठी कोणी आपल्यासाठी चाल आखावी लागत नाही.

जेकबसनबद्दल उलटी चूक होते. गेल्या मोसमात दुसऱ्याच सामन्यात त्याचा पाय मोडला. त्या दोन सामन्यांचे आकडे ४० मिनिटांवर ताणून काढलेला कोणताही हिशोब पानावर घेऊ नका. त्यापेक्षा एवढंच लिहा: ७ फूट ४ इंच, आणि उन्हाळ्यात १९ वर्षांखालील विश्वचषकात सुवर्ण जिंकणाऱ्या अमेरिकेच्या संघात होता. पाय बरा आहे हे त्यावरून कळतं. मेयरही त्याच स्पर्धेत इस्राएलकडून खेळला.

वाबाशकाठ

दोघांचे आभार. दोन ढिगांची युक्ती फार कामाची. बाहेरचे १२० जसेच्या तसे घेतले. आतले असे केले: कॉफमन-रेन २९, क्लफ २७, जेकबसन १६, मर्फी ८. बरोबर ८०. आता जमलं ना?

चौथाफाउल

बेरीज जमली, बास्केटबॉल नाही जमला. क्लफ २७ आणि जेकबसन १६ मिळून ४३ होतात. दोघंही सेंटर, म्हणजे रिंगखाली खेळणारे सगळ्यात उंच खेळाडू. सेंटरच्या जागेला मिनिटं आहेत ४०. म्हणजे तुमच्या तक्त्यानुसार निदान तीन मिनिटं क्लफ आणि जेकबसन एकत्र उभे आहेत आणि कॉफमन-रेन सेंटरला एक मिनिटही खेळत नाही. गेलं जवळजवळ अख्खं वर्ष ज्याने ६ फूट ९ इंचांवर सेंटरची जागा भरून काढली, त्याला तिथून पूर्ण काढून टाकलं तुम्ही.

आतली प्रत्येक जागा वेगळी मोजा. सेंटर: क्लफ २४, जेकबसन १३, कॉफमन-रेन ३. झाले ४०. चौथी जागा (आतली दुसरी): कॉफमन-रेन २७, मर्फी ८, बेंटर ५. झाले ४०. म्हणजे कॉफमन-रेन एकूण ३० आणि बेंटर बाहेरचे ४ धरून ९.

आता तुमचा दुसरा प्रश्न, गर्दीचा. तो अगदी योग्य आहे आणि या संघाचं सगळं त्यावरच अवलंबून आहे, म्हणून जरा सविस्तर.

पर्ड्यूची नेहमीची चाल डोळ्यांसमोर आणा. स्मिथ चेंडू घेऊन वर मधोमध. कॉफमन-रेन येऊन स्क्रीन लावतो, म्हणजे स्मिथच्या बचावपटूच्या वाटेत उभा राहतो. दोन्ही बचावपटू स्मिथवर धावतात, कारण त्याला मोकळं सोडणं परवडत नाही. स्मिथ त्यांच्या डोक्यावरून चेंडू कॉफमन-रेनला देतो, साधारण फ्री थ्रोच्या रेषेपाशी. तिथून कॉफमन-रेन एक टप्पा टाकून हलकेच चेंडू रिंगकडे ढकलतो. तो त्याचा हातखंडा फटका. गेल्या वर्षी या क्षणी समोर फक्त एकच मदतनीस बचावपटू असायचा, आणि त्याला कोपऱ्यातला नेमबाज सोडून यावं लागायचं.

आता त्यात क्लफ आला. तो बाहेरून मारत नाही, म्हणून त्याला रिंगच्या बाजूला, शेवटच्या रेषेलगत उभं करतात. त्याचा बचावपटू आधीच रिंगखाली असतो. कॉफमन-रेनने चेंडू धरला की तो फक्त एक पाऊल पुढे येतो आणि वाट बंद. तुम्ही म्हणता ती गर्दी हीच.

उपाय वेळेचा आहे. तो बचावपटू पाऊल पुढे टाकतो त्याच क्षणी कॉफमन-रेनने चेंडू रिंगपाशी उंच द्यायचा, क्लफने वरच्या वर घालायचा. थांबून बघितलं, एक टप्पा जास्त टाकला, की बचावपटू मागे सरकतो आणि पास अडतो. या जोडीत सरावाने पक्की करायची गोष्ट ती एवढीच. कॉलेजांना पहिल्या सामन्याआधीच्या ४२ दिवसांत सरावाचे ३० दिवस मिळतात. त्यामुळे सुरुवातीच्या सामन्यांत हा पास चुकताना दिसेल. जोडी मोडायची ती त्यावरून नाही.

आणि चाल फसली, फटका हुकला, तरी क्लफ रिंगखालीच आहे. दुसरी संधी मिळते. गेल्या वर्षी रिबाउंड ही या संघाची दुखरी नस होती. स्वीट सिक्स्टीनमध्ये (राष्ट्रीय स्पर्धेतली शेवटच्या सोळा संघांची फेरी) ह्यूस्टनकडून ६२-६० ने हरले तो शेवटचा बास्केटसुद्धा रिंगच्या अगदी जवळून झाला.

त्रास खरा होतो तो दुसऱ्या टोकाला. समोरचा चौथ्या जागेवरचा खेळाडू तीन गुणांचे फटके मारणारा असेल तर कॉफमन-रेनला रेषेबाहेर धावावं लागतं. अशा वेळी प्रशिक्षक मॅट पेंटर क्लफला बाहेर बसवून कॉफमन-रेनला सेंटरला नेतील आणि चौथ्या जागेवर मर्फी किंवा बेंटर. तक्त्यातली ती तीन मिनिटं अशा एखाद्या सामन्यात दहा होऊ शकतात. पानावर तेवढी टीप द्या.

वाबाशकाठ

जागेप्रमाणे मोजायचं डोक्यातच आलं नव्हतं. आता बसलं. मेयर की कॉक्स हे राहिलं.

तिरपीपास

कॉक्स. गेल्या मोसमाच्या उत्तरार्धात तो पहिल्या पाचात होताच. स्मिथ, लॉयर, कॉफमन-रेन आणि क्लफ यांच्यासोबत पाचवा असा हवा की ज्याला चेंडू हातात धरावा लागत नाही, जो कोपऱ्यात तयार उभा राहतो आणि समोरच्या सगळ्यात वेगवान गार्डला चिकटतो. हे तिसरं काम महत्त्वाचं. ६ फुटी स्मिथला ते दिलं तर तो दमतो, शिवाय त्याचे फाउल वाढतात. पाच फाउलला खेळाडू बाहेर, हे नव्या मंडळींना लिहून द्या.

मेयर चेंडू हातात असताना खुलतो. त्याला पहिल्या पाचात घातलं तर स्मिथ आणि तो एकाच चेंडूवर, आणि स्मिथ बसल्यावर चेंडू आणायला पुन्हा कोणी नाही. खो-खोत सगळे पट्टीचे धावपटू पहिल्याच तुकडीत उतरवत नाहीत, तसंच हे. शिवाय सुरुवात कोण करतं यापेक्षा शेवटची चार मिनिटं कोण खेळतं ते बघा. चुरशीच्या सामन्यात तिथे स्मिथ, लॉयर, मेयर आणि कॉफमन-रेन एकत्र दिसले तर नवल नाही.

पिव्होट

केंटकीविरुद्धच्या सामन्यात तक्ता तपासायचा असेल तर स्कोअर बघत बसू नका. प्रत्येक अर्ध्यात १६, १२, ८ आणि ४ मिनिटांच्या खाली घड्याळ गेलं आणि खेळ थांबला की टीव्हीचा टाइमआउट होतो. दर वेळी मैदानावरचे पाच जर्सी क्रमांक लिहा. कॉक्स ०, लॉयर २, स्मिथ ३, कॉफमन-रेन ४, एवढे पाठ असले की बाकीचा एखादाच शोधायचा. दोन अर्ध्यांत आठ नोंदी होतात. त्यांत तीन गोष्टी शोधा: सगळ्यात आधी बाहेर कोण जातो, स्मिथ बसतो तेव्हा चेंडू कोण आणतो, आणि जेकबसन आत येतो तेव्हा क्लफ बाहेर जातो की कॉफमन-रेन.

सामन्यानंतरच्या पत्रकातली मिनिटं पूर्णांकात असतात, त्यामुळे बेरीज १९९ किंवा २०१ आली तर घाबरू नका. जादा वेळ झाला तर दर पाच मिनिटांमागे २५ वाढतात. आणि अधिक-उणेचा रकाना (खेळाडू मैदानावर असतानाचा दोन संघांच्या गुणांतला फरक) एका सामन्यावरून वाचूच नका, दहा मिनिटं खेळलेला खेळाडू केवळ लॉयरचे तीन गुणांचे तीन फटके बसले म्हणून +९ दिसतो.

वाबाशकाठ

अंतिम तक्ता असा: स्मिथ ३३, लॉयर ३१, कॉफमन-रेन ३०, कॉक्स २४, क्लफ २४, मेयर १८, जेकबसन १३, हॅरिस १०, बेंटर ९, मर्फी ८. बेरीज २००. आतल्या कोणाला पहिल्या अर्ध्यातच दोन फाउल झाले तर काय, यासाठी एक रकाना रिकामा ठेवलाय. तिथे काय लिहू?

चौथाफाउल

कॉफमन-रेन दोन फाउलवर बसला तर त्याची साधारण आठ मिनिटं जातात. त्यांतली चार मर्फीला, चार बेंटरला. क्लफ बसला तर पाच जेकबसनला, तीन कॉफमन-रेनला, आणि मग कॉफमन-रेनच्या जागी तीन मर्फीला. जेकबसनला सलग पाचच्या वर देऊ नका. अख्खं वर्ष बाहेर काढून आलेला सात फुटी माणूस सलग सहाव्या मिनिटाला उडी मारायचं थांबवतो आणि हात खाली आणतो, तिथेच फाउल होतो.

आणि बेंटरचे ९ पेन्सिलीने लिहा. गेल्या वर्षी तो रेडशर्ट होता, म्हणजे संघात असून सामन्यांबाहेर ठेवलेला; कॉलेजच्या सामन्यातलं एकही मिनिट त्याच्या नावावर नाही. ४ नोव्हेंबरला एव्हान्सव्हिलविरुद्ध तो किती वेळ खेळला त्यावरून काही ठरवू नका, तिथे सगळ्यांनाच मैदान मिळेल. १३ नोव्हेंबरला अलाबामात सामना आहे. तिथले आकडे बघून शाईने लिहा.