ग्रामसभेत बोलायचं म्हटलं की आवाज कापतो

वाडीची_लेक:
यंदा आमच्या बचत गटाची अध्यक्ष मी झाले. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाडीच्या नळपाण्याचा विषय मांडायचं काम गटाने माझ्यावर सोपवलंय. गटाच्या बैठकीत मी घडाघडा बोलते. पण तिथे समोर सासरे, चुलत सासरे, गावातली जाणती मंडळी असणार. नुसत्या विचारानेच घसा कोरडा पडतो. कुणी यातून गेलंय का?

माजी_सदस्य:
ताई, मी एक टर्म ग्रामपंचायत सदस्य होते, म्हणून सांगते. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते, ती सोडू नका. तोच विषय आधी तिथे मांडा. सगळ्या ओळखीच्या बायका असतात, बोलता बोलता कुठे अडखळतो ते कळतं. शिवाय विषय तिथे मंजूर झाला की ग्रामसभेत तुम्ही एकट्या नसता, "महिला सभेने ठरवलंय" असं म्हणता येतं. या एका वाक्याने मला फार बळ दिलंय.

आणि आधीच लेखी अर्ज देऊन पोच घ्या. विषय कागदावर गेलेला असला की बोलताना एखादा मुद्दा राहिला तरी धीर सुटत नाही.

भाषण पाठ करू नका. मधला एक शब्द विसरला की पुढचं सगळं जातं. सुरुवातीचं वाक्य तेवढं पक्कं करा: "आमच्या वाडीत पाणी दिवसाआड येतं, तेही अर्धा तास." आकडा सांगितला की लोक कान देतात. शेवटी मागणी एकच ठेवा. गटातल्या दोघींना समोर बसवा आणि त्यांच्याकडे बघून बोला.

शाळामास्तर:
मुलांना वक्तृत्व स्पर्धेसाठी तयार करतो, त्यातलं थोडं. सुटा कागद थरथरताना दिसतो, वहीत लिहून वही धरा. उठण्याआधी श्वास सावकाश, लांब सोडा. धडधड थोडी उतरते. माईक तोंडापासून चार बोटं लांब.

वाडीची_लेक:
खूप आभार. पण मध्येच कुणी ओरडून बोललं तर?

माजी_सदस्य:
बोलतीलच. त्यांना उत्तर देत बसू नका. सभेच्या अध्यक्षांकडे वळून म्हणा, "माझं पूर्ण होऊ द्या." मग तेच वाक्य पुन्हा सुरुवातीपासून घ्या. आणि ठराव इतिवृत्तात लिहिला का, हे ग्रामसेवकांना तिथेच विचारा.