चर्चा : सार्वजनिक पैशाचा बोअर पाणाड्याच्या नारळावर का ठरावा?

मांजराकाठ :
लातूर जिल्ह्यातील आमच्या गावात गेल्या पंधरवड्यात सार्वजनिक पैशातून एक बोअर घेण्यात आला आणि त्याची जागा पाणाड्याने, म्हणजे जमिनीखालचे पाणी सांगणाऱ्याने, दाखवली. त्याच्या तळहातावर आडवा ठेवलेला नारळ उभा राहिला, तिथे चुन्याची फुली पडली, अगरबत्ती लागली आणि रात्री बोअर मारणारी गाडी आली. ४८० फुटांपर्यंत नुसता राखाडी धुराळा उडत राहिला. सकाळी 'झरा जरा उगवतीकडे सरकला' एवढेच उत्तर मिळाले आणि त्यावर कोणी हसलेसुद्धा नाही.

माझा आक्षेप नारळाला नसून न ठेवलेल्या हिशेबाला आहे. आमच्या वस्तीभोवती अकरा बोअर झाले. त्यांपैकी पाणी लागलेले चार कोणी दाखवले, हे शेंबडे पोरही सांगते. फेल गेलेले सात कोणी दाखवले, हे कळायला मला घरोघर फिरावे लागले. जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ मध्ये सुमारे ५०० पाणाड्यांमधून ४३ जण निवडून एका कोठारात ८४३ चाचण्या घेण्यात आल्या होत्या. खालच्या मजल्यावर पाण्याची नळी सरकवत ठेवायची आणि वरच्या मजल्यावरून ती कुठे आहे ते ओळखायचे, असा तो प्रयोग होता. काही जणांना खरोखर कळते, असे प्रयोग करणाऱ्यांनी जाहीर केले. परंतु तेच आकडे दुसऱ्या शास्त्रज्ञाने पुन्हा तपासले, तेव्हा त्यांत योगायोगापलीकडे काही उरले नाही. म्हणून माझे म्हणणे असे की, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या अहवालावाचून गावाच्या पैशातून एक फूटही खोदू नये.

काळी माती :
गुरुजी, अहवाल येईपर्यंत मोसंबीची बाग थांबत नाही. पाणाड्याला दुपारी फोन केला की तो संध्याकाळी बांधावर हजर असतो, पाचशे रुपये आणि नारळ घेतो आणि पाणी लागले नाही तर पुढचे चार बाजार तोंड चुकवत हिंडतो, म्हणजे त्याला निदान लाज तरी असते. २०१९ मध्ये मी तुमच्या शास्त्राच्या बाजूने गेलो होतो. एक खासगी 'मशीनवाला' आला, चार खुंट्या ठोकल्या, तार ओढली आणि सहीशिक्क्याचा आलेख हातात दिला. ५५० फूट गेलो, फुटाचे पैसे आणि केसिंगचे पैसे मोजले, पण चूळ भरण्यापुरतेही पाणी निघाले नाही. नारळाखाली सही नसते, एवढाच मला दिसलेला फरक.

शिवाय आमच्याकडचे वयस्कर पाणाडी उंबर कुठे आहे, ओघळ कुठून येते, उन्हाळ्यात हिरवे गवत कुठे टिकते, हे शिवारात हिंडून पाहतात. नारळ हा देखावा असेल, पण डोळे तर खरेच असतात ना?

खडकवाचक :
दोघेही जागेवर भांडत आहात. मला खडकाबद्दल बोलू द्या, कारण माझी नोकरी त्यातच गेली. आपल्याकडे झरा नदीसारखा वाहत नाही, त्यामुळे तो 'सरकत'ही नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेल्या लाव्ह्याचा हा काळा पाषाण आहे. त्यात पाणी असते ते वरच्या मुरमात, भेगांमध्ये आणि दोन थरांच्या सांध्यात. मधला घट्ट पाषाण कोरडाच असतो. वरचा मुरूम जाड असेल तर कुठेही फुली मारली तरी थोडेफार पाणी लागते आणि पाणाड्याचे नाव होते.

मशीनचे म्हणाल तर, बाहेरच्या दोन खुंट्यांतून जमिनीत वीज सोडतात आणि आतल्या दोन खुंट्यांमध्ये विजेचा दाब मोजतात. ओल्या खडकात विजेला अडथळा कमी होतो, घट्ट खडकात जास्त. पण ओली चिकणमातीही अडथळा कमीच दाखवते आणि चिकणमाती पाणी धरते, सोडत नाही. म्हणजे यंत्र खोटे बोलत नाही. आलेख वाचणारा खडक ओळखणारा नसला, तर चारी खुंट्या नारळाइतक्याच कामाच्या.

खोलीबद्दलही एक गोष्ट सांगावीशी वाटते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला संशोधनासाठी ६१७ मीटर खोल छिद्र घेण्यात आले. त्यात ३३८ मीटरपर्यंत, म्हणजे अकराशे फुटांहूनही खाली, हाच लाव्ह्याचा खडक होता. 'अजून शंभर फूट जाऊ, खाली समुद्र आहे' असे गाडीवाला म्हणतो, तेव्हा तो त्याच पाषाणातले आणखी शंभर फूट विकत असतो. खोल भेगेत पाणी सापडलेच, तरी ते बहुधा फार जुने साठलेले असते आणि एका पावसात ते भरून येत नाही.

रांजण :
तीन प्रतिसाद झाले, पण कायद्याचे नाव कोणीच काढले नाही, याची मला गंमत वाटली. शेतीसाठी आणि उद्योगासाठी ६० मीटरहून, म्हणजे साधारण दोनशे फुटांहून खोल विहीर घेण्यास महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमात मनाई आहे. दादांचा ५५० फुटांचा बोअर पाणाड्याने दाखवला की मशीनने, हा प्रश्न त्यामुळे दुसरा ठरतो. गाडी दोनशे फुटांवर थांबली का नाही, हा पहिला. निवडणुकीच्या तोंडावर वस्तीवस्तीला बोअर 'देणारे' कोण असतात, हेही आपल्याला पाठ आहे. पाणाड्याला अंधश्रद्धाळू म्हणायला धाडस लागत नाही. बोअर देणाऱ्याला 'किती फूट?' हे विचारायला लागते.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, तेव्हा मी शहरात भाड्याच्या खोलीत राहत होते आणि टँकरचा नंबर लावायला पहाटे तीनला उठत होते. त्याच जिल्ह्यात तेव्हाही ऊस उभा होता. हिवरे बाजार या गावाने शेतीसाठी बोअर घेणे बंद केले, ऊस टाळला आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली. तिथे शास्त्र ग्रामसभेत आले. आपल्याकडे ते फुली मारण्यापुरतेच बोलावले जाते.

काळी माती :
ताई, ५५० फुटांची चूक माझ्या पदरात घालता, ते मान्य. पण शेजाऱ्याने सहाशे फूट घेतला आणि माझी चाळीस फुटांची विहीर संक्रांतीलाच आटली, तर मी एकट्याने कायदा कवटाळून बसायचे का? आणि उसाला निदान ठरलेला भाव आहे. सोयाबीनचे काय होते ते बाजार समितीत येऊन पाहा. हिवरे बाजार सगळ्यांनाच ठाऊक आहे. तिथे सगळ्यांनी एकदम थांबायचे ठरवले, आमच्याकडे पहिला थांबणारा मरतो.

मांजराकाठ :
हे उत्तर मला अडचणीत टाकणारे आहे आणि खडकवाचकांचेही. केवळ अहवाल सक्तीचा केला, तर सहीशिक्क्याचा नवा पाणाड्या तयार होईल, हे आता मला दिसते, म्हणून ती मागणी मी अर्धी मागे घेतो. त्याऐवजी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर प्रत्येक बोअरची ओळ रंगवावी : जागा कोणी दाखवली, किती फूट खोदले, पाणी कितव्या फुटाला लागले आणि मार्चमध्ये किती उरले. नारळवाल्याचीही ओळ, मशीनवाल्याचीही. दोनशे फुटांची रेघ लाल रंगात असावी, म्हणजे रांजणताईंचा कायदाही भिंतीवर येईल.

काळी माती :
रंगाचे पैसे मी देतो आणि माझे ५५० फूटही लिहा, पण पहिली ओळ गावाच्या त्या ४८० फुटांची असली पाहिजे. शेजाऱ्याची गाडी सोमवारी रात्री येणार आहे. कितव्या फुटाला थांबते, ते मंगळवारी इथेच लिहितो.