एकाच रॉडवर दोन्ही मासे? लीडरचं काय?

पाइक आणि वॉलआय या गोड्या पाण्यातल्या दोन्ही शिकारी माशांसाठी एकच रॉड (गळाची काठी) पुरेल का, असं विचारलंय. पुरेल, पण जमत असेल तर दोन न्याच. वॉलआय आमिष हलकेच ओढतो. जाड रॉडवर ती ‘टक्’ हाताला कळतच नाही. त्याला साडेसहा फुटी मीडियम-लाइट स्पिनिंग रॉड, १० पौंड ताण झेलणारी ब्रेड (विणलेली दोरी), पुढे फ्लुरोकार्बन (पाण्यात सहज न दिसणारी दोरी) आणि ७ ग्रॅमचा जिग (वजनदार डोक्याचा गळ). तळाला टेकवा, वीतभर उचला, परत सोडा. संध्याकाळी उजेड कमी झाला की तो उथळ पाण्यात येतो, ती वेळ सोडू नका.

पाइकसाठी सात फुटी मीडियम-हेवी रॉड, ३० पौंडांची ब्रेड, चमच्याच्या आकाराची मोठी धातूची आमिषं. आणि तारेचा लीडर, म्हणजे दोरी आणि आमिष यांच्यामधला तुकडा, हवाच हवा! मी एकदा आळस केला. मासा बोटीशी आला, मान झटकली आणि त्याच्या दातांनी दोरी सुरीने कापावी तशी तुटली. दोरीचं दुःख नाही, पण तोंडात गळ अडकलेला तो मासा तसाच गेला, ते अजून सलतं.

गळ काढायला लांब चिमटा हाताशी ठेवा. गळाचे उलटे काटे आधीच दाबून टाका, मासा पटकन सुटतो.